पाय सुटतो, रेस सुटत नाही

धाराशिवात नवी गाडी घेतली की ती आधी तुळजापूरला जाते. हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू झाले की मगच ती घरच्या फाटकात येते. मालक तरुण असेल तर पुढच्या महिन्याभरात गाडीतल्या उणिवा शोधणे सुरू होते. एम-एच-२५ पाटीच्या गाड्या जिथे दुरुस्तीला येतात त्या गॅरेजांत अलीकडे एक तक्रार नेमाने ऐकू येते : ‘पाय काढला तरी रेस खाली येत नाही.’

तक्रार खोटी नाही. दुसऱ्या गिअरमध्ये तीन हजार फेऱ्यांपर्यंत गाडी ओढली, क्लच दाबला, ॲक्सिलेटर सोडला, की फेऱ्यांचा काटा लगेच खाली यायला हवा. तो क्षणभर तिथेच रेंगाळतो आणि मग आळसावल्यासारखा उतरतो. तोवर चालकाने तिसरा टाकून क्लच सोडलेला असतो. इंजिन वरच्या फेऱ्यांवर आणि चाके खालच्या हिशेबावर, त्यामुळे गाडी पुढे धसका खाते. शेजारी बसलेले वडील म्हणतात, ‘नीट चालव.’ मुलगा म्हणतो, ‘गाडीतच आहे ते.’ या वादात दोघेही थोडे थोडे बरोबर असतात.

यावर मोबाइलवरच्या चित्रफितींत एक उपाय सांगतात. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेले जड चाक, उतरवायचे, लेथवर चढवायचे आणि कडेचे लोखंड काढून हलके करायचे. रेस झटक्यात वर जाते आणि झटक्यात खाली येते. एमआयडीसीतल्या टर्नरला हे काम अवघड नाही. ते करावे का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्याआधी हे चाक तिथे कशासाठी बसवले आहे ते पाहावे लागते, आणि ते पाहायला धाराशिव जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही.

विहिरीवरचे चाक

शेतावर वीज पोहोचण्याआधी आणि पोहोचल्यानंतरही भारनियमनाच्या दिवसांत या जिल्ह्यातल्या विहिरींवर ऑइल इंजिने धडधडत असत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली, आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी कुठलेही इंजिन ‘किर्लोस्कर’च झाले. पाच हॉर्सपॉवरचे, एका सिलिंडरचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे इंजिन म्हणजे या घराण्यातला ओळखीचा चेहरा. त्याच्या बाजूला असते ते जड बिडाचे चाक.

हे इंजिन हँडल मारून सुरू करायचे ज्यांनी पाहिले त्यांना फ्लायव्हील वेगळे शिकवावे लागत नाही. माथ्यावरचा खटका उचलायचा, म्हणजे झडप उघडी राहते आणि सिलिंडरात हवा दाबली जात नाही. मग हँडल फिरवायचे. पहिल्या दोन फेऱ्या अंगावर येतात, पुढच्या सोप्या जातात. चाकाने वेग घेतला की खटका सोडायचा. आता दाबलेल्या हवेला ओलांडून पिस्टन वर नेणे माणसाच्या मनगटाचे काम नाही. ते काम चाक करते. माणसाने दहा सेकंदांत जी ताकद थोडी थोडी दिली, ती चाक एका क्षणात परत देते.

सुरू झाल्यावरही तेच. फोर स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांतून एकदाच स्फोट मिळतो. १५०० फेऱ्यांवर दोन स्फोटांमध्ये ८० मिलिसेकंदांचे अंतर पडते. त्या अंतरात पंपाला पाणी उपसायला लावते ते फक्त चाकात साठलेले बळ. म्हणून डिझेल बंद केल्यावरही ते इंजिन बराच वेळ फिरत राहते. त्याला ‘रेस खाली येत नाही’ असे कोणी म्हटले नाही, कारण त्याच्याकडून कोणाला पटकन थांबण्याची अपेक्षाच नव्हती. कडबाकुट्टीच्या यंत्राचे जड चाकही याच कामासाठी असते : पाते कडब्याच्या पेंढीत शिरले की हाताला झटका बसू नये म्हणून.

गाडीत सिलिंडर वाढले, तसे हे चाक लहान होत गेले. चार सिलिंडरांचे इंजिन ८०० फेऱ्यांवर उभे असताना सुमारे साडेसदतीस मिलिसेकंदांनी एक स्फोट होतो. तीन सिलिंडरांच्या इंजिनात, आणि आज बाजारातल्या अनेक छोट्या गाड्या तीन सिलिंडरांच्याच आहेत, हे अंतर ५० मिलिसेकंद असते. अंतर वाढले की थरथर वाढते, आणि थरथर मुरवायला चाकात वजन लागते. इंधन वाचवण्यासाठी सिलिंडर कमी केले, त्याची किंमत कंपनीला काही अंशी फ्लायव्हीलमध्ये मोजावी लागते. म्हणजे कंपनीने वजन आळसाने ठेवलेले नाही.

हिशेब करून पाहू

ज्याला फ्लायव्हील हलके करायचे आहे त्याने आधी वही घ्यावी. पुढचे आकडे एका नमुन्याच्या छोट्या पेट्रोल गाडीसाठी धरलेले आहेत. प्रत्येक गाडीत ते बदलतील, पण त्यांची प्रमाणे फारशी बदलणार नाहीत.

फ्लायव्हील आठ किलोचे, त्रिज्या १३ सेंटिमीटर. सपाट तबकडी धरली तर त्याचे जडत्व ०.०६८ किलो-मीटर वर्ग येते. क्रँकशाफ्ट, प्रेशर प्लेट, पुली वगैरेंचे मिळून ०.०५२ धरू. एकूण ०.१२. क्लच दाबल्यावर या सगळ्याला थांबवायला इंजिनातले घर्षण आणि हवा ओढण्याचा अडथळा एवढेच असते. ते २० न्यूटन-मीटर धरू. मग ३००० वरून २००० फेऱ्यांवर यायला ०.६३ सेकंद लागतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाने साधारण एवढेच उतरायचे असते.

आता कडेचे दोन किलो लोखंड काढले. कडेपासून काढले म्हणून परिणाम मोठा : एकूण जडत्व ०.०९ वर येते आणि तेच अंतर ०.४७ सेकंदांत कापले जाते. हेच दोन किलो मधल्या भागातून काढले असते तर वेळ जेमतेम ०.६० वर आला असता. वजन किती काढले यापेक्षा कुठून काढले याला महत्त्व. जो टर्नर फक्त ‘किती किलो कमी करू?’ एवढेच विचारतो, त्याच्या हाती हे काम देऊ नये.

म्हणजे सगळ्या खटाटोपाची मिळकत आहे ०.१६ सेकंद. शर्यतीत प्रत्येक गिअरला एवढा वेळ वाचला तर तो फार मोठा. धाराशिवहून सोलापूरला जाताना तो कुठे खर्च करायचा, हे मालकाने ठरवावे.

आणखी एक गैरसमज इथेच मोडतो. फ्लायव्हील हलके केले की पाय काढल्यावर गाडीही लवकर मंदावेल, म्हणजे इंजिनाचा ब्रेक जास्त लागेल, असे अनेकांना वाटते. पण क्लच सोडलेला आणि गिअर पडलेला असताना इंजिनाच्या फेऱ्या चाकांना बांधलेल्या असतात, आणि मग इंजिनाला सगळी गाडी थांबवावी लागते. वरच्याच नमुन्यात पहिल्या गिअरमध्ये हलक्या फ्लायव्हीलचा फायदा म्हणजे गाडीतून सुमारे ७० किलोचा माणूस उतरल्यासारखा. पाचव्या गिअरमध्ये तो साडेतीन किलो भरतो. महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये हा फरक कुठल्याच चालकाला कळणार नाही.

काटा कोण धरून ठेवतो?

घर्षणाच्या हिशेबाने काटा ०.६३ सेकंदांत उतरायला हवा होता. मालकाची तक्रार मात्र अशी, की काटा आधी वरच थांबतो आणि मग उतरतो. फ्लायव्हील असे वागत नाही. जड चाक सावकाश उतरेल, पण पहिल्या क्षणापासून उतरू लागेल. काटा जागच्या जागी थांबत असेल तर त्याला कोणीतरी धरून ठेवले आहे. हा कोणी म्हणजे गाडीतला संगणक, ज्याला गॅरेजात ईसीएम म्हणतात.

जुन्या मारुती ८०० मध्ये किंवा कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत ॲक्सिलेटरपासून कार्ब्युरेटरपर्यंत तार किंवा दांडी थेट गेलेली असे. पाय उचलला की हवेची झडप बंद. आता पायाखाली सेन्सर असतो. पाय काय मागतो ते संगणकाला कळते, आणि झडप किती उघडायची ते संगणक ठरवतो. पाय एकदम उचलला तरी संगणक झडप एकदम बंद करत नाही, हळूहळू मिटवत नेतो.

कारण धुराचे आहे. झडप खाडकन मिटली की इनटेकमधला हवेचा दाब एकदम पडतो. तिथल्या भिंतींवर ओले राहिलेले पेट्रोल झटक्यात उडून सिलिंडरात शिरते. हवा कमी, पेट्रोल जास्त. ते धड जळत नाही आणि न जळलेले हायड्रोकार्बन सायलेन्सरकडे जातात. इंधन पूर्ण तोडावे तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजन साठतो, आणि इंजिन पुन्हा कामाला लागताच नायट्रोजनचे ऑक्साइड काही क्षण बाहेर सुटतात. दोन्हींमधून मार्ग काढायचा तर फेऱ्या जरा धरून ठेवणे हा संगणकाला सोपा उपाय. कार्ब्युरेटरच्या काळातही काही गाड्यांत झडप सावकाश मिटावी म्हणून छोटा दट्ट्या बसवत. म्हणजे ही खोड नवी नाही, तिचा मालक बदलला.

भारतात धुराच्या नियमांचा दबाव टप्प्याटप्प्याने वाढला. बीएस-४ नियम १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, बीएस-६ हे १ एप्रिल २०२० पासून. १ एप्रिल २०२३ पासून तर प्रयोगशाळेबाहेर खऱ्या रस्त्यावरचा धूरही मोजला जाऊ लागला. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करून गाड्यांना मान्यता देते. ही मान्यता लोखंडाला आणि संगणकातल्या आकड्यांना मिळून असते. म्हणून रेंगाळणाऱ्या काट्यामागे फ्लायव्हीलचा वाटा थोडा आणि धुराच्या नियमांचा जास्त, असे प्रकरण आहे. ज्याने फ्लायव्हील हलके केले आणि संगणक तसाच ठेवला, त्याचा काटा आधीसारखाच थांबेल. थांबून झाल्यावर तेवढा जरा लवकर उतरेल.

दुसरा मार्ग संगणकातले आकडे बदलण्याचा, म्हणजे रीमॅपचा. पुण्या-मुंबईत हे काम करणारी दुकाने आहेत. झडप मिटण्याचा वेग त्यात वाढवता येतो आणि तक्रार खरोखर कमी होते. पण मग ज्या धुरासाठी हा सारा खेळ मांडला होता तो धूर सुटतो, आणि कंपनीची वॉरंटीही जाते.

लेथवर चढवण्याआधी

तरीही कोणी लेथपर्यंत जाणारच असेल, तर त्याला चार गोष्टी ठाऊक हव्यात.

पहिली, बीड. कंपनीचे फ्लायव्हील बहुधा बिडाचे ओतीव असते. ६००० फेऱ्यांवर १३ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाची कड ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाने धावत असते, गाडी जागेवर उभी असली तरी. कडेवर येणारा ताण बीड सहज पेलते. पण त्यात भोके पाडली किंवा कोपरा धारदार ठेवला, की त्या जागी ताण दोन-तीन पट होतो आणि तिथून तडा सुरू होतो. फुटलेले फ्लायव्हील बेलहाउसिंग फोडून चालकाच्या पायापर्यंत येऊ शकते. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींत क्लचभोवती पोलादी कवच सक्तीचे झाले ते याच अनुभवातून. म्हणून शर्यतीतले लोक कंपनीचे चाक खरवडत नाहीत. ते घडीव पोलादाचे किंवा पोलादी घासपट्टी असलेले ॲल्युमिनियमचे नवे चाक बसवतात.

दुसरी, उष्णता. क्लच प्लेट ज्या चेहऱ्यावर घासते तो फ्लायव्हीलचाच. चढावर गाडी उचलताना निर्माण झालेली उष्णता तो पितो. लोखंड कमी, तर तेवढ्याच उष्णतेने तो जास्त तापतो. येडशीच्या घाटात भरल्या गाडीत सहा माणसे आणि लग्नाचे सामान घेऊन थांबत थांबत चढणाऱ्याला क्लचचा वास कशाला म्हणतात ते माहीत असते.

तिसरी, दात आणि तोल. फ्लायव्हीलच्या कडेवर स्टार्टरची रिंग असते आणि काही गाड्यांत क्रँकच्या सेन्सरसाठी खाचाही असतात. त्या दुखावल्या तर गाडी सुरूच होणार नाही. काम झाल्यावर चाक तोलून घ्यावे लागते. तोल थोडा जरी चुकला तरी थरथर क्रँकच्या बेअरिंगवर उतरते.

चौथी, डिझेल. अनेक आधुनिक डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असते, म्हणजे दोन चाके आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. ते लेथवर चढवायची वस्तूच नाही. त्याच्या जागी साधे चाक बसवले तर गिअरबॉक्स खडखडतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. नाक्यावर उभा असलेला हवालदार फ्लायव्हील उतरवून पाहणार नाही हे खरे. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर पाहू शकतो.

हे काम जिथे शोभते

याचा अर्थ हलके फ्लायव्हील ही वेड्यांची हौस आहे असा नाही. ते योग्य जागी पाहिले की त्याचे सौंदर्य कळते. जपानच्या लेक्सस एलएफए गाडीचे इंजिन आयडलिंगवरून ९००० फेऱ्यांवर ०.६ सेकंदांत जाते. सुई या वेगाने फिरू शकत नाही म्हणून तिथे पडद्यावरचा काटा द्यावा लागला. तिथे इंजिनाचा प्रत्येक फिरता भाग हलका केलेला आहे, संगणक त्याला अनुरूप आहे आणि किंमतही तशीच.

आपल्याकडे हे शिकायला चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा आणि कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे असे ट्रॅक आहेत. महाराष्ट्रात कोल्हापूरने मोटारशर्यतीची हौस जपली आहे. गंमत अशी, की एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यतींत इंजिनाला हात लावायलाच बंदी असते. तिथे चालकाचा पाय मोजला जातो, टर्नरचा हात नव्हे.

इंजिनाला हात लावायचाच असेल तर महाविद्यालयांच्या स्पर्धा आहेत. सुप्रा, फॉर्म्युला भारत यांसारख्या स्पर्धांत विद्यार्थी स्वतः गाडी बांधतात, मोटारसायकलचे इंजिन बसवतात, त्याचा संगणक जुळवतात आणि परीक्षकांपुढे प्रत्येक निर्णयाचा हिशेब मांडतात. धाराशिवला तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तुळजापूरला श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. रेस झटक्यात खाली आणण्याची तळमळ असलेल्या मुलाने तिथल्या कार्यशाळेत ती खर्च करावी. ०.१६ सेकंद कुठून आला हे तिथे त्याला सांगावे लागेल, आणि सांगता सांगता तो इंजिनिअर होईल.

गॅरेजातला क्रम

ज्याला फक्त आपली रोजची गाडी नीट हवी आहे, त्याच्यासाठी क्रम सोपा आहे आणि चांगले मिस्त्री तोच सांगतात. काटा पूर्वी पटकन उतरत होता आणि आता उतरत नसेल, तर तो बिघाड आहे. इनटेकची नळी किंवा गॅस्केट हवा घेते का ते पाहा. थ्रॉटल बॉडीवर काजळी बसली असेल तर साफ करून स्कॅनरने आयडलिंग पुन्हा शिकवा. क्लचच्या पेडलजवळचा स्विच खराब असेल तर क्लच दाबल्याचे संगणकाला कळतच नाही आणि तो फेऱ्या धरून ठेवतो. जुन्या तारेच्या गाडीत तार अडकते का आणि पायपुसणे पेडलखाली सरकले आहे का, हेही पाहायचे. यातले एकही काम गिअरबॉक्स उतरवायला लावत नाही.

काटा गाडी नवीन असल्यापासूनच रेंगाळत असेल, तर तो गाडीचा स्वभाव. त्यावर उपाय पायात आहे. गिअर वर टाकताना ॲक्सिलेटर क्लचच्या किंचित आधी सोडा, आणि क्लच अर्धा सेकंद उशिरा, सावकाश उचला. शहरात तीन हजारापर्यंत न ओढता दोन हजारालाच गिअर बदला. मग उतरायला काट्याला अंतरच कमी उरते. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्याही हेच करतात. २०१४ मध्ये सेलेरिओतून हे तंत्र भारतात आले तेव्हा गिअर बदलताना गाडी क्षणभर थांबून मान डोलावते म्हणून लोक वैतागले. त्या थांबण्याचा एक भाग म्हणजे यंत्र फेऱ्या खाली यायची वाट पाहत असते. यंत्राला तेवढा धीर आहे, माणसालाही असायला हरकत नाही.

शेवटी या जिल्ह्याचे रस्ते पाहा. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगावे लागते. नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरच्या वाटेवर पायी चालणाऱ्यांची रीघ असते आणि गाडी त्यांच्या चालीने चालवावी लागते. अशा वेळी जड फ्लायव्हील इंजिन बंद पडू देत नाही, क्लचला जपते आणि चालकाची चूक पोटात घालते. हलके फ्लायव्हील यातले काहीच करत नाही. तेव्हा रोजच्या गाडीचे फ्लायव्हील कंपनीने दिले तसेच राहू द्या. त्या पैशांत थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, क्लच तपासा आणि उरलेल्या पैशांत चार चांगले टायर घ्या. पाय काढल्यावर गाडी थांबवायचे काम शेवटी तेच करतात.